शेवटच्या फ्लॅटची तार

फ्लॅट बघायला आलेली माणसं नळ सोडून बघतात, फरशीवर टाच आपटून बघतात, देवघराचं तोंड कुठे येतं ते मोबाइलमधल्या होकायंत्रावर बघतात. खालच्या मीटरपासून आपल्या घरापर्यंत येणारी तार किती जाड आहे, असं विचारणारा माणूस मला इतक्या वर्षांत एकच भेटला. मी हातातला पाना खाली ठेवून कौतुकाने त्यांच्याकडे बघितलं. ते विमा कंपनीकडून आले होते.

मी विजेच्या कामाची ठेकेदार. साइटवर नवा माणूस आला की तो आधी मलाच विचारतो, ठेकेदार कुठे आहेत म्हणून. मग खजील होऊन ताई म्हणतो आणि चहा मागवतो. आता साठी ओलांडली. शिडीवर चढायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, पण खाली उभं राहून ओरडायला अजून कुणी मनाई केलेली नाही, तेव्हा धंदा चालू आहे.

ह्या धंद्यात मी कशी आले, ते थोडक्यात सांगून टाकते. कळंबला आमची बौद्धवस्ती गावाच्या विजेच्या लाइनीत अगदी शेवटी होती. खांब आला, तार आली, दिवाही लागला. पण संध्याकाळी गावाने आपापले दिवे लावले की आमच्याकडचा बल्ब लालसर व्हायचा. त्या उजेडात पुस्तकातलं अक्षर दिसत नसे, फक्त बल्ब दिसायचा. बाबा म्हणायचे, ‘आपल्याले वीज नाही भेटली, विजेची आठोन भेटली.’ दहावी झाल्यावर सगळे म्हणाले पोरीला शिवणकामाला घाला. बाबांनी आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गात नाव घातलं. वर्गात मी एकटी मुलगी. मास्तर पहिले काही दिवस माझ्याकडे न बघता शिकवत, नंतर त्यांची मान दुखू लागली असावी.

आता ही तार काय भानगड आहे ते सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

फ्लॅटच्या इमारतीत खाली एका खोलीत सगळ्यांचे मीटर ओळीने लावलेले असतात. प्रत्येक मीटरमधून एक तारांची जोडी निघते आणि भिंतीतल्या पाइपातून त्या त्या घराच्या दारामागच्या स्विचांच्या डब्यापर्यंत जाते. तिला आम्ही मेन म्हणतो. घरातले पंखे, कूलर, गिझर, मिक्सर, सगळे ह्या एका जोडीवर जगतात. ही मेन चार एमएमची घ्यायची, सहाची घ्यायची की त्याहून जाड दहाची, हे ठरवणं म्हणजे माझा धंदा. बाकीचं काम, खरं सांगायचं तर, हातोडी आणि छिन्नीचं आहे.

ठरवताना दोन गोष्टी बघायच्या. एक, तार तापते का. दोन, तार वाटेत किती खाते. तार तांब्याची असली तरी फुकट काही नेत नाही. जितकी लांब आणि जितकी बारीक, तितकं व्होल्टेज वाटेतच गळतं, आणि घरात भार जितका जास्त तितकं आणखी गळतं. पहिली गोष्ट चुकली तर आग लागते, म्हणून सगळे ती सांभाळतात. दुसरी चुकली तर पेपरात बातमी येत नाही, फक्त वरच्या मजल्यावरच्या माणसाचा पंखा हळू फिरतो. म्हणून ती फारसं कुणी सांभाळत नाही.

शिवाय घरातलं सगळं एकदम चालत नाही, हेही धरायचं असतं. इस्त्री आणि गिझर सकाळचे, कूलर दुपारचा, एसी रात्रीचा. सगळ्याची बेरीज करून तार घ्यायची म्हटलं तर मनगटाएवढी घ्यावी लागेल. तेव्हा एका वेळी काय काय चालेल त्याचा अंदाज बांधायचा. असे अंदाज पुस्तकांत छापलेले आहेत. पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना काढलेला नसावा. इथे मे महिन्यात कूलर बंद करणारा माणूस एक तर गावाला गेलेला असतो किंवा नवराबायकोचं भांडण झालेलं असतं.

म्हणून माझी एक पद्धत आहे. घरात काय काय चालतं ते मी पुरुषाला विचारत नाही. विचारते, पण धरत नाही. यवतमाळला एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फ्लॅट होता. त्यांनी मला बसवून घेऊन शिस्तीत सांगितलं: चार ट्यूब, चार पंखे, एक टीव्ही, आमची राहणी साधी. मी हो हो म्हणत स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या मिसेसना विचारलं, सकाळी सर फिरायला गेले की घरात काय चालू असतं? त्या हसायलाच लागल्या. सरांची पाठ फिरली की गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, मिक्सर आणि सुनेची इस्त्री, सगळं एका दमात. सर परत येईपर्यंत घर पुन्हा साध्या राहणीला लागलेलं असे. मी सहाची मेन घातली. सरांना अजून वाटतं की ती त्यांच्या ट्यूबलाइटींसाठी आहे.

वणीकडे राजूरच्या खाणीत काम करणाऱ्या माणसांच्या एका इमारतीत वेगळीच गंमत. तिथे एका घरातला बाप रात्रपाळीला, मुलगा दिवसपाळीला. एक उठला की दुसरा निजतो. त्यामुळे एसी कधी बंदच होत नाही, आणि तारेला थंड व्हायला फुरसत मिळत नाही. साध्या घरात जी तार आयुष्यभर पुरते ती तिथे काही वर्षांत पिवळी पडून कडक होते. घरातल्या बाईला मी हे समजावलं तर ती म्हणाली, ‘ताई, मंग माह्यावानीच हाये ते.’ त्यानंतर पाळीवाल्यांच्या घरात मी नेहमी एक नंबर वरची तार घालते.

सगळीकडे माझं ऐकलं गेलं असं नाही. काही इमारतींवरून संध्याकाळी जाते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या ट्यूब लुकलुकताना दिसतात आणि जीव हळहळतो. बारीक तारेचा हट्ट कुणी सोडेना म्हणून ती कामं मी सोडून दिली होती. सोडली म्हणजे माझे हात धुतले गेले, पण वर राहणाऱ्यांच्या घरात मात्र तीच तार राहिली. भांडून थांबायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो.

पण मला सांगायचं आहे ते ढाणकीचं.

ढाणकी म्हणजे उमरखेड तालुक्यातलं बाजाराचं गाव. तिथून जवळच्या एका तांड्यातल्या बारा बंजारा कुटुंबांनी ठरवलं की गावात मिळून एक इमारत बांधायची. मुलांच्या शाळेसाठी आणि म्हाताऱ्यांच्या दवाखान्यासाठी. शेती तांड्यावरच राहणार, हळद आणि ऊस सोडून कोण येतो. पण घरातली निम्मी माणसं गावात. बिल्डर नाही, दलाल नाही. खाली गाड्या आणि मीटरची खोली, वर तीन मजले, मजल्यावर चार फ्लॅट. कुणी कोणता फ्लॅट घ्यायचा ह्यावरून भाऊबंदकी नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तांड्याचे प्रमुख रामधन नायक. त्यांनी सगळ्यांत शेवटी चिठ्ठी उचलली आणि त्यांना तिसऱ्या मजल्यावरचा कोपरा आला.

मीटरची खोली मला जिन्याखाली, मध्यात हवी होती. पण ती जागा त्यांनी ओट्यासाठी आणि तांड्याच्या पांढऱ्या झेंड्यासाठी राखली होती. तिथे मी वाद घातला नाही. खोली गेली मागच्या कोपऱ्यात, आणि नायकांचा फ्लॅट बरोबर तिच्या तिरक्या टोकाला. इमारतीतली सगळ्यांत लांब तार त्यांची.

रामधन नायकांचं वय झालं होतं आणि फुप्फुसं थकली होती. त्यांना नाकात नळी घालून हवेचं मशीन लागायचं. हे मशीन खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देतं, पण त्याला वीज नीट लागते. व्होल्टेज पडलं की ते शिट्टी मारतं आणि थांबतं. तांड्यावर संध्याकाळी ते रोज थांबायचं, म्हणून मुलाने त्यांना नांदेडला भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. तिथे मशीन चालत होतं, पण नायकांचं चालत नव्हतं. ज्या माणसाच्या दारात रोज पंचवीस माणसं बसायची तो तिथे खिडकीतून दुसऱ्याच्या बिल्डिंगची भिंत बघत बसे. ढाणकीची इमारत झाली की त्यांना परत आपल्या माणसांत आणायचं, एवढीच त्यांच्या बायकोची, सोनाबाईंची, इच्छा. सगळा तांडा सोनाबाईंना याडी म्हणतो, म्हणजे आई. मीही म्हणू लागले.

माझ्या पद्धतीप्रमाणे मी यादी याडींकडून घेतली. त्यांनी सांगितलं की कूलर, फ्रीज, मिक्सर हे तर आहेच. पण तीजेच्या सणाला तांड्यातल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात ते नायकाच्या घरी, आणि मग ते दिवस सगळ्या पोरी तिथेच. दिवाळीला पोरी दिवे घेऊन निघतात त्या पहिल्यांदा नायकाच्या दारात. नायकाचं घर म्हणजे एका कुटुंबाचं घर नाही, हे मला कळलं. मी कागदावर मांडणी केली: पहिल्या मजल्याला चारची तार, दुसऱ्याला सहाची, तिसऱ्याला दहाची.

ती मांडणी मी बैठकीत सांगितली आणि गोविंद कारभारी उठले. कारभारी म्हणजे नायकाचा उजवा हात. त्यांना पहिल्या मजल्यावर, मीटरच्या अगदी डोक्यावरचा फ्लॅट आला होता. माणूस वाईट नाही. पण त्यांचं म्हणणं असं की तांड्यात आजवर जे आलं ते सगळ्यांना सारखं वाटलं गेलं. फरशी सारखी, दारं सारखी, नळ सारखे. आता तारेतच डावंउजवं कशाला? खालच्यांनी काय घोडं मारलं? दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मी नायकांकडे बघितलं. ते नांदेडहून बैठकीपुरते आले होते, सोबत लहान सिलिंडर होतं. त्यांनी नळी जराशी बाजूला केली आणि म्हणाले, ‘गोविंद बराबर बोलून राह्यला. सगळ्याईले एकच तार, चारची. मले बी तीच.’

नायकाचा शब्द पडला की तांड्यात विषय संपतो. माझा संपला नव्हता. मी मान हलवली आणि कामाला लागले. पण वरच्या मजल्यांना पाइप मात्र मोठाच टाकला. पाइप स्लॅबमध्ये गेला की गेला, तार काय, उद्या ओढून दुसरी घालता येते. आमच्या धंद्यात वाद जिंकायचा असेल तर आधी पाइप मोठा टाकून ठेवावा.

तारा ओढायची वेळ आली तेव्हा मे महिना होता. मी याडींना म्हटलं, मशीन घेऊन नायकांना एक संध्याकाळ इथे आणा, बघून तर घेऊ. सिलिंडर सोबत असू द्या. त्या दिवशी मी दोनच फ्लॅटना मेन जोडून ठेवली, गोविंदभाऊंच्या आणि नायकांच्या. दोन्हीकडे चारचीच, नायकांच्या हुकुमाप्रमाणे. दोन्ही घरांत सारखाच भार जोडून ठेवला: दोन कूलर, इस्त्री आणि बादलीत सोडलेला पाणी तापवायचा हीटर. सगळं गाव कूलर लावून बसलेलं, त्यामुळे खाली मीटरवरच व्होल्टेज पडलेलं. ते माझ्या हातात नव्हतं. त्या पडलेल्यातून वर किती न्यायचं, एवढंच माझ्या हातात.

आधी गोविंदभाऊंच्या घरात सगळा भार चालू करून मशीन लावलं. नीट चाललं. मग तेच मशीन वर नेलं, नायक एकेक पायरी चढून वर आले, खुर्चीवर बसले, नळी लावली. आधी चाललं. मी एकेक करून कूलर, इस्त्री, हीटर चालू केले. हीटर लागला आणि मशीनने शिट्टी मारली. लाल दिवा लागला. मी भार बंद केला, याडींनी लगबगीने सिलिंडरची नळी नायकांच्या नाकाला लावली.

पहिले गोविंदभाऊच बोलले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले इन्व्हर्टर लावू. मी सांगितलं, इन्व्हर्टर काही तास काढील, पण कमी व्होल्टेजवर त्याची बॅटरीच भरणार नाही, मग पुढे काय? स्टॅबिलायझर म्हणाल तर तो वर ढकलण्यासाठी तारेतून आणखी ओढतो, आणि बारीक तार आणखी गाळते. मग गोविंदभाऊंनी मन मोठं केलं. म्हणाले, नायक, तुम्ही माझ्या फ्लॅटमध्ये या, मी वर येतो.

नायकांनी हात हलवला. ‘चिठ्ठी फिरवली त उद्या चिठ्ठी कोण मानन?’ थोडा दम घेऊन म्हणाले की नांदेडची खोली काही वाईट नाही.

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, खोटं कशाला सांगू. आपल्या न्यायासाठी स्वतःचा श्वास सोडायला निघालेला माणूस समोर बसला की त्याला नमस्कार करावा की हलवावं, कळत नाही. मला आकडे सांगता येत होते, पण त्यांना आकडे नकोच होते. त्यांना फक्त एवढं दिसत होतं की कुणाच्या दारात बारीक आणि नायकाच्या दारात जाड. असा माणूस माझ्या व्होल्टमीटरने हलणार नव्हता.

याडी दारात बसल्या होत्या. त्या गोविंदभाऊंकडे वळल्या.

‘गोविंद, आपल्या साऱ्याईची विहीर खोदली तवा तुह्या बापाचं वावर कुठं होतं?’

‘शेवटाले, याडी.’

‘अन् पाणी कसं वाटलं होतं?’

मग ती गोष्ट मला याडींनीच सांगितली. तांड्याने मिळून विहीर घेतली तेव्हा सगळ्या वावरांना पाण्याची पाळी सारख्या वेळाची ठरली. जवळच्यांची पिकं हिरवी झाली. शेवटचं वावर गोविंदभाऊंच्या वडलांचं. तिथवर पाणी पोचेपर्यंत पाटाची मातीच निम्मं पिऊन टाकायची, आणि पाळी संपायची. त्यांची हळद वाळली. तेव्हा रामधन नुकतेच नायक झाले होते. ते पाटाच्या कडेने चालत शेवटच्या वावरापर्यंत गेले, तिथे उभे राहिले, आणि परत येऊन त्यांनी पाळ्या बदलल्या. जो जितका लांब, त्याला तितकी मोठी पाळी. तेव्हाही जवळच्यांनी विचारलं होतं की आम्ही काय घोडं मारलं.

‘तवा तुमी काय बोलला होता, सांगा ना आता,’ याडी नवऱ्याला म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं. ‘तुमी म्हनलं होतं, विहिरीतून निघालं किती ते मले नको सांगू. वावरात पोचलं किती ते सांग. तेच सारकं पायजे.’

नायकांनी मान खाली घातली. मला वाटलं दम लागला. पण ते हसत होते. आपल्याच शब्दात असं सापडायची त्यांना सवय नसावी. मग त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, ‘ताई, ही तार बी पाटावानी पेते का?’

मी म्हटलं, पिते. लांब असली की जास्त पिते. बारीक असली की त्याहून जास्त.

‘मंग मलेच कायले? वरच्या चौघाईले द्या. मधल्याईले मधली. जो जसा दूर तशी.’ आणि गोविंदभाऊंकडे बघून म्हणाले, ‘सारकं दारात मोजायचं. खालते नाही.’

म्हणजे माझ्या कागदावर होतं तेच. पण माझ्या कागदावर ती नुसती तारेची जाडी होती, त्यांच्या तोंडून तो तांड्याचा कायदा झाला. गोविंदभाऊंनी स्वतः पुढे होऊन सांगितलं की जाड तारेचा जास्तीचा खर्च बाराही घरांनी सारखा वाटून घ्यायचा. तिथे सारखेपणा बरोबर बसला. मोठे पाइप बघून मात्र ते माझ्याकडे जरा संशयाने बघत राहिले. ‘तुमाले आधीच ठावं होतं वाटते,’ म्हणाले. मी म्हटलं, पाइप स्वस्त होते.

घरभरणीच्या दिवशी मी व्होल्टमीटर घेऊन दारोदार फिरले. नायकांचा तसा हुकूम होता. प्रत्येक घरात सारखा भार लावायचा आणि दारामागच्या डब्यावर व्होल्टेज मोजायचं. माझ्यामागे सगळा तांडा, बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. प्रत्येक दारात आकडा मोठ्याने वाचायचा, मग पुढचं दार. पहिल्या मजल्यावरचा आकडा आणि तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातला आकडा ह्यांत नावापुरता फरक निघाला. एका आजीबाईंनी मला कुंकू लावलं आणि मीटरलाही लावलं. तो डाग मी अजून पुसलेला नाही. धंद्यात इतक्या इमारती झाल्या, पण आपापल्या दारात किती पोचलं हे उभं राहून ऐकणारी माणसं मी तिथेच बघितली. बाबा असते तर त्यांना त्या वरातीत मी सगळ्यांत पुढे चालवलं असतं.

नायक नांदेडहून आले ते आलेच. मे महिन्यात कूलर लागले की संध्याकाळी त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही. ‘पोचून राह्यलं, ताई,’ एवढं म्हणतात आणि ठेवतात. पलीकडे मशीनची घरघर ऐकू येते. मला ती घरघर ऐकली की जेवण गोड लागतं.

गेल्या दिवाळीला याडींनी बोलावलं म्हणून मी गेले. त्याआधी फोनवर त्यांना एक गोष्ट बजावली होती: हवेचं मशीन चालू असेल त्या खोलीत पणती न्यायची नाही, ऑक्सिजन आणि ज्योत शेजारी नको. याडी म्हणाल्या, मग पोरींनी नायकाच्या दारातून निघायचं कसं? तोडगा नायकांनी काढला. पोरींनी आत यायचं नाही, जिन्याच्या चौकात थांबायचं. नायक बाहेर जातील.

दिवेलागणीला इमारतीतलं सगळं चालू होतं. माळा, टीव्ही, तळणाच्या शेगड्या, घराघरांत पाहुणे. पोरी नवे घागरे घालून, हातात दिवे घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढल्या आणि चौकात उभ्या राहिल्या. आत नायकांनी नळी काढली, मशीन बंद केलं, खुर्चीचा हात धरून उठले. मी पुढे झाले तर याडींनी माझा हात धरला. ते एकटेच चालत दारापर्यंत गेले, उंबऱ्याबाहेर गेले. पोरींनी गाऊन ओवाळलं. प्रत्येकीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, घाई न करता. मग दिव्यांची ओळ जिन्याने खाली निघाली, वरून खाली, एकेका दाराशी थांबत.

नायक परत येऊन खुर्चीत बसले. नळी लावली, मशीनचं बटण दाबलं. सगळी इमारत उजळलेली, प्रत्येक घर आपल्या मेनवरून ओढत होतं, आणि मशीन लागलं. शिट्टी नाही, लाल दिवा नाही. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

‘पोचलं का, ताई?’

माझा हात सवयीने पिशवीतल्या मीटरकडे गेला होता. मी मीटर बाहेर काढला नाही.

‘पोचलं, नायक,’ मी म्हटलं.